मोठेपणी कचऱ्याची गाडी, आत्ता नाटकाचा तास: बडोद्यात मुलांसाठी नाटकाचे शिक्षक कसे शोधावेत

आमची धाकटी सात वर्षांची असताना दिवाळीच्या फराळाला जमलेल्या मंडळींनी तिला तो नेहमीचा प्रश्न विचारला, "मोठेपणी कोण होणार गं?" चकलीचा तुकडा तोंडात ठेवूनच ती म्हणाली, "कचऱ्याची गाडी चालवणार." सकाळी गाणं वाजवत सोसायटीत येते ती गाडी. सासूबाई म्हणाल्या, "सणासुदीचं शुभ बोलावं." काकांनी "डॉक्टर म्हण, डॉक्टर" असं सुचवून पाहिलं. एका मावशींनी मला बाजूला घेऊन सल्ला दिला की मुलीला नाटकाच्या क्लासला घाल, जरा वळण लागेल.

वळण लागायला नाटक! मला हसू आलं, पण घातलं. पहिला क्लास चुकला, दुसराही चुकला, तिसऱ्या ठिकाणी जमलं. या खटाटोपात चार वर्षं गेली. आता ओळखीपाळखीतले लोक "तुमच्याकडे नाटकाचं कोणी आहे का हो?" असं विचारत येतात. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकते.

आधी स्वतःला विचारा, कशासाठी?

पालक चार कारणांनी येतात. मूल बुजरं आहे, धीट व्हावं. उच्चार सुधारावेत. बडोद्यात राहून मराठी टिकावी. आणि चौथं कारण कोणी उघड बोलत नाही: टीव्हीवर दिसावं. चारही कारणांत लाजण्यासारखं काही नाही, पण प्रत्येकासाठी वेगळे शिक्षक लागतात. बुजऱ्या मुलाला स्पर्धेची बक्षिसं आणणाऱ्या सरांकडे घातलंत तर ते मूल मागच्या रांगेत जाईल आणि तिथेच राहील, कारण स्पर्धा जिंकायची असते तेव्हा सर तयार मुलंच पुढे घेतात. त्यात त्यांचाही दोष नाही.

वयाचं माझं गणित असं आहे. सहाच्या आत क्लास नको. घरात चादरीचा पडदा बांधून द्यावा, तेवढं पुरतं. सहा ते आठ या वयात नुसते खेळ हवेत, संवादांचं पाठांतर नको. नऊ ते बारा या वयात मुलं स्वतः प्रसंग रचतात, भांडतात, पुन्हा रचतात. हा सगळ्यात रसाळ काळ. संहिता हातात घेऊन नीट नाटक बसवणं तेराच्या पुढे. याला अपवाद असतात, पण प्रत्येक आईला आपलंच मूल अपवाद वाटतं, हेही लक्षात असू द्या.

माझे दोन चुकलेले क्लास

नाव कोणाचंच घेत नाही. पहिलं होतं उन्हाळी शिबिर. तीन आठवडे, एका हॉलमध्ये चाळीसच्या वर मुलं आणि माइक घेतलेले एकटे सर. आमची मुलगी झाड क्रमांक चार. पुठ्ठ्याच्या दोन फांद्या धरून तीन आठवडे उभी. शेवटच्या आठवड्यात वेशभूषेचे म्हणून वेगळे पैसे मागितले, आणि पुढे जो व्हिडिओ मिळाला त्यात तिचं एक कोपर दिसतं. मी विचारलं, "काय शिकलीस?" तर म्हणाली, "हलायचं नाही."

दुसऱ्या क्लासचे सर स्वतः उत्तम नट होते आणि तीच अडचण होती. प्रत्येक वाक्य ते म्हणून दाखवत, हातवाऱ्यांसकट, आणि मुलं हुबेहूब तसंच म्हणत. प्रयोगात सोळा मुलं एकाच सुरात, एकाच जागी मान वळवून बोलली. टाळ्या भरपूर पडल्या. घरी आल्यावर मुलगी भाजी मागतानाही त्याच सुरात बोलू लागली तेव्हा आम्ही जागे झालो. चांगला नट आणि मुलांचा चांगला शिक्षक या दोन वेगळ्या जाती आहेत. कधी कधी एकाच माणसात भेटतात, पण ते गृहीत धरू नका.

शोध कुठून सुरू करायचा

नाटकाच्या बाबतीत बडोदं नशीबवान गाव आहे. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली गायनशाळा सुरू केली, तिचीच पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी झाली. सूरसागर तलावासमोरची ती इमारत आपण सगळे अजूनही 'म्युझिक कॉलेज' म्हणतो. तिथे नाट्यविभाग आहे, पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण मिळतं. म्हणजे आवाज, शरीर, नेपथ्य, प्रकाशयोजना हे पद्धतशीर शिकलेली माणसं याच गावात तयार होतात आणि त्यांतली बरीच इथेच राहतात. गूगलवर 'ड्रामा क्लास' शोधण्याआधी एकदा तिथे जा. विद्यार्थ्यांचे प्रयोग लागतात ते मुलाला घेऊन बघा. प्रयोग संपल्यावर मंचामागे जाऊन विचारा, "तुमच्यापैकी मुलांबरोबर कोण काम करतं?" या प्रश्नाला दोन-तीन जणांचे चेहरे उजळतात, बाकीचे भुवया उंचावतात. उजळलेल्यांचे नंबर घ्या.

दुसरी जागा म्हणजे आपली मराठी मंडळं. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या जुन्या वस्तीत आणि आता मांजलपूरकडेही गणेशोत्सवात मुलांचे कार्यक्रम होतात. मराठी वाङ्मय परिषदेशी जोडलेल्या जुन्या मंडळींकडे तर माहितीचा खजिना असतो. २०१८ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरलं ते याच परिषदेमुळे. अशा ठिकाणी एखाद्या आजोबांना विचारलंत तर आधी चहा मिळतो, मग १९६० सालची आठवण, आणि मग कामाचा पत्ता. घाई करू नका.

तिसरा मार्ग माझा आवडता: मुलांचा कोणताही प्रयोग बघायला जा आणि मंचाकडे कमी, विंगेकडे, म्हणजे मंचाच्या कडेला नट आत-बाहेर करतात त्या आडोशाकडे, जास्त बघा. गांधी नगरगृहात किंवा अकोट्याच्या सयाजी नगरगृहात कडेची खुर्ची पकडली की समोरच्या विंगेतलं थोडंफार दिसतं. तिथून कोणी मोठ्यानं वाक्यं पुरवतंय का, डोळे वटारतंय का, हात धरून मुलाला मंचावर ढकलतंय का? की मुलं आपापली येताहेत, वाक्य विसरलं तर दुसरं मूल सावरून घेतंय? एखादं मूल अडखळतं आणि त्याच्या समोरचं मूल सहज म्हणतं, "अरे, तू मला पत्र द्यायला आला होतास ना?" हे ज्या शिक्षकांच्या मुलांना जमतं त्यांचं नाव विचारून घ्या.

कोणत्या भाषेत?

आपली मुलं घरी मराठी, खाली खेळताना गुजराती, शाळेत इंग्रजी आणि कार्टूनमुळे हिंदी बोलतात. धाकटी मला "आई, चल ने" म्हणते, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही. मराठीच हवी असा हट्ट धरलात तर पर्याय कमी होतात. मी सांगेन की आधी शिक्षक बघा, मग भाषा. आमच्या तिसऱ्या क्लासच्या बेन गुजराती आहेत. (बाहेरच्यांसाठी सांगते, इथे शिक्षिकेला बेनच म्हणतात.) त्या मुलांना ज्या भाषेत राग येतो त्या भाषेत रागवू देतात. आमची राग मराठीत काढते, त्यामुळे तिच्या मराठीची चिंता मी सोडली. शुद्ध उच्चार आणि मराठी संहिता हेच उद्दिष्ट असेल तर मात्र मंडळाच्या बालनाट्याकडे जा. तिथे ण आणि न, च आणि च़ यांवर खरोखर मेहनत घेतात.

एक तास बसून बघा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि नेमकी हीच आपण गाळतो. पैसे भरण्याआधी पूर्ण एक तास कोपऱ्यात बसून बघण्याची परवानगी मागा. "पालक बसले की मुलं बुजतात" असं काही शिक्षक म्हणतात आणि ते खरंही आहे, पण एकदा बसू द्यायला हरकत नसावी. अजिबातच नाही म्हणाले तर तुम्हीही नाही म्हणा.

बसलात की घड्याळ लावून एकच गोष्ट मोजा: कोणतंही एक मूल निवडा आणि त्याचा किती वेळ वाट बघण्यात जातो ते पाहा. साठ मिनिटांतली चाळीस मिनिटं ते भिंतीला टेकून बसलं असेल तर तो नाटकाचा तास नव्हे, वेटिंग रूम आहे. एका शिक्षकामागे बारा-पंधरा मुलं ठीक. वीसच्या वर असतील तर मदतनीस हवाच.

आमच्या बेनच्या तासाला मी पहिल्यांदा बसले तो तास अजून डोळ्यांसमोर आहे. चपला दाराबाहेर, मुलं गोलात. आधी आरशाचा खेळ: दोघं समोरासमोर, एक हलतो, दुसरा त्याचं प्रतिबिंब. वायोला स्पोलिन या अमेरिकन बाईंनी असे नाट्यखेळ पद्धतशीर बसवले आणि ते जगभर पसरले. हा खेळ सोपा दिसतो, पण पाच मिनिटांत खोली अशी शांत होते की पंख्याची कुरकुर ऐकू येते. मग बेननी सांगितलं, मोठेपणी जे व्हायचंय ते काम करून दाखवा, बोलायचं नाही. चार डॉक्टर स्टेथोस्कोप लावू लागले, दोन क्रिकेटवाले बॅट फिरवू लागले, एक यूट्यूबर हवेत फोन धरून हसत राहिला. आमची बसली आणि दोन्ही हातांनी गोल स्टिअरिंग फिरवू लागली, लहान मुलं फिरवतात तसं, भरभर.

बेन तिच्याजवळ बसल्या. "गाडी वळतेय की सरळ जातेय?"

"सरळ."

"मग हात एवढे का फिरतात?"

मुलगी थांबली. बेननी विचारलं, "गियर कुठल्या हाताला?" तिला माहीत नव्हतं. बेननी उत्तर दिलं नाही, एवढंच म्हणाल्या, "येताना कशात आलीस? रिक्षात? जाताना रिक्षावाल्या काकांचे हात बघ आणि पुढच्या वेळी मला सांग."

परतताना ती मागच्या सीटवर पुढे झुकून बसली होती. घरी पोचेपर्यंत तिनं मला सांगितलं की काकांचा उजवा हात पीळ देतो तेव्हा रिक्षा पळते, डावा हात क्लच दाबून मूठ फिरवतो तेव्हा गियर पडतो, आणि ब्रेक हातात नाही, उजव्या पायाखाली आहे. "आणि सिग्नलला ते हँडल सोडून मान मोडतात." पुढच्या शनिवारी तिनं रिक्षा चालवली तेव्हा सिग्नलला थांबून आधी मान डावीकडे मोडली, मग उजवीकडे, आणि अख्खा वर्ग हसला. त्या दिवशी मी तीन महिन्यांची फी भरली.

तुम्ही बघाल तो तास वेगळा असेल. शिक्षक उत्तरं देतात की मुलाला बघायला पाठवतात, एवढं तपासा.

विचारायचे प्रश्न

फी महिन्याची की सत्राची, मध्येच सोडलं तर परत मिळते का, प्रयोगाचा, कपड्यांचा, हॉलच्या भाड्याचा आणि व्हिडिओचा खर्च त्यात धरला आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारा, आणि व्हॉट्सॅपवर लिहून घ्या. तोंडी बोलण्यावर जाऊ नका. हा माझा झाडाचा धडा.

मग विचारा, नाटक कोण निवडतं आणि विषय कोणाचे असतात? सुधा करमरकरांनी १९५९ साली लिटल थिएटर काढलं आणि त्यानंतर रत्नाकर मतकरींनी बालनाट्याचा संसार उभा केला, तेव्हापासून मराठीत मुलांसाठी राजा, राक्षस, चेटकिणींची मोठी परंपरा आहे. १९८६च्या सुमारास डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत पुण्यात आणली. त्यात मोठे नट मुलांची कामं करतात आणि विषय मुलांच्या रोजच्या जगण्यातले असतात: भीती, भांडणं, आईबाबांचा राग. शिक्षकांना या दोन्ही वाटा ठाऊक असाव्यात. "आम्ही बोधपर नाटकंच करतो" असं कोणी अभिमानानं सांगितलं तर मी जरा सावध होते. मुलांना बोध शाळेत भरपूर मिळतो.

सुरक्षिततेचे प्रश्न विचारताना संकोच करू नका. दार उघडं असतं का? तासाला आणखी कोण मोठं माणूस असतं? मुलींना कपडे बदलायला वेगळी जागा आणि सोबत बाई आहे का? एकट्या मुलाला थांबवून 'जादा तालीम' घेतात का? फोटो इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी पालकांना विचारतात का? नाटकात खांद्याला हात लावावा लागतो, उचलावं लागतं; चांगले शिक्षक आधी मुलाला विचारतात, "चालेल का?" १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लैंगिक अत्याचारांविरुद्ध २०१२च्या पॉक्सो कायद्याचं संरक्षण आहे आणि मुलांसाठीच्या मदतीचा नंबर १०९८ आहे. हे प्रश्न ऐकून जे शिक्षक चिडतात ते यादीतून बाद. आमच्या बेन चिडल्या नाहीत, उलट म्हणाल्या, "बाकीचे का विचारत नाहीत कोण जाणे."

बडोद्याचं पंचांग सांभाळा

नवरात्रीच्या नऊ दिवसांत तालीम ठेवणारा शिक्षक एकतर नवा आहे किंवा भोळा. मुलं रात्री उशिरापर्यंत गरब्याला, दुसऱ्या दिवशी शाळेतही पेंगतात. १४ जानेवारीचं उत्तरायण आणि १५ची वासी उत्तरायण, दोन्ही दिवस गच्चीवर; त्याआधीचा आठवडाही मांजात गुंततो. मार्चमध्ये परीक्षा. म्हणून सत्र सुरू करायला जूनचा शेवट उत्तम: गणपतीला छोटासा प्रयोग, दिवाळीच्या सुट्टीत विश्रांती, नोव्हेंबरच्या अखेरपासून पुढचं. मेमधली शिबिरं चव बघायला ठीक, पण दुपारच्या उन्हात मुलाला ने-आण करायचं बळ असेल तरच. सकाळची बॅच मागा.

आणि ती स्वप्नं

मुलं मोठेपणी काय होणार हे जे सांगतात ते बहुतेक त्यांना दिसलेलं काम असतं. डॉक्टर दिसतो, शिक्षिका दिसते, ड्रायव्हर दिसतो. बाबा ऑफिसात काय करतात ते कोणालाच दिसत नाही, म्हणून 'मला अकाउंट्समध्ये जायचंय' असं सात वर्षांचं मूल म्हणत नाही. नाटकाचा उपयोग इथे होतो. आम्ही घरी बेनचाच खेळ पुढे नेला. महिन्यातून एक काम निवडायचं आणि ते करणाऱ्या माणसाला गाठायचं. खंडेराव मार्केटमधल्या भाजीवाल्या मावशींनी जुडी बांधताना दोरा दातात का धरतात ते दाखवलं. सोसायटीतल्या वायरमननी टेस्टर कसा धरायचा ते सांगितलं. नंतर घरी पाच मिनिटांचा प्रवेश. प्रेक्षक सासूबाई, आणि त्यांचा एक नियम: हसायचं ते फक्त गमतीच्या जागी. कचऱ्याच्या गाडीवर आता त्यासुद्धा काही बोलत नाहीत, कारण ड्रायव्हरदादांनी पहाटे किती वाजता उठतो ते सांगितलं तेव्हा त्यांनीच त्याला बोलावून चहा दिला होता.

प्रयोगाच्या वेळी मुलाला मंचामागचंही काम द्या असं शिक्षकांना सुचवा. प्रकाश, संगीत, नेपथ्य, रंगभूषा, कपडेपट हे सगळे पोटापाण्याचे व्यवसाय आहेत आणि नटांपेक्षा त्यात काम सहसा जास्त नियमित मिळतं. ज्या क्लासात सगळी मुलं मंचावरच असतात तिथे अर्धं नाटक शिकवायचं राहून जातं.

मूल खरंच म्हणालं की नटच व्हायचंय, तर घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. बारावीनंतर आपल्याच गावात विद्यापीठाचा नाट्यविभाग आहे, पुण्याला विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, आणि पदवीनंतर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम. म्हणजे अजून वेळ आहे.

मधल्या काळात 'मालिकेसाठी बालकलाकार हवेत' असे मेसेज येतील. ऑडिशनसाठी, पोर्टफोलिओसाठी, 'कार्ड'साठी आधी पैसे मागितले की फोन ठेवा. खरं काम मिळालंच, तर १४ वर्षांखालच्या मुलांसाठी बालकामगार कायद्यात २०१६ची दुरुस्ती आणि २०१७चे नियम आहेत. निर्मात्यानं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती हवीच. सलग २७ दिवसांच्या वर काम घेता येत नाही. मिळकतीचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जातो. हे निर्मात्याला माहीत नसेल तर तुम्ही सांगा. त्याचा चेहरा बघून पुढचं ठरवता येतं.

तीन महिन्यांनी

क्लास लागला की तीन महिने काही विचारू नका. "आज काय शिकवलं?" तर मुळीच नको; उत्तर "काही नाही" असंच येतं. मूल घरी कोणाची नक्कल करतं ते बघा. आधी टीव्हीवरच्यांची करत असे आणि आता शेजारच्या आजोबांची, दूधवाल्याची, तुमची करत असेल, तर पैसे सत्कारणी लागताहेत. माझी नक्कल फारच जमते तिला. फोनवर "हो, हो, अगदी" म्हणत दुसऱ्या हातानं कढई ढवळते मी, तशी.

धाकटी आता अकरा वर्षांची आहे. गेल्या गणपतीत तिला भूमिका नको होती, लाइटच्या बोर्डावर बसायचं होतं. बेननी बसवलं. ब्लॅकआउट अडीच सेकंद उशिरा झाला, राजा मेल्यावर उठून विंगेत जाताना सगळ्यांना दिसला, आणि ती रडली. सध्या वहीत प्रत्येक क्यूपुढे, म्हणजे लाइट बदलायच्या प्रत्येक खुणेपुढे, लाल पेननं वेळ लिहिते आहे. मोठेपणी कोण होणार असं परवा कोणी तरी विचारलं, तर म्हणाली, "आधी ब्लॅकआउट जमू दे."